‘बाईनु, ह्या खरा काय?’

जून संपत आला होता. तिसरीतल्या एका मुलाला मी पाठ्यपुस्तकातली कविता वाचायला सांगितली. त्याने ओळीखाली बोट धरलं आणि मान हलवत, सुरात कविता वाचली. एकही चूक नाही. दुसऱ्या कडव्याला त्याचं बोट भलत्याच ओळीवर फिरताना मला दिसलं. मी शेवटच्या दोन ओळींवर तळहात ठेवला. तो थांबला नाही. माझ्या हाताखाली झाकलेल्या ओळीही त्याने तशाच सुरात म्हणून टाकल्या.

त्या दिवशी दुपारी मी एकेका मुलाला जवळ बसवून, न शिकवलेला उतारा पुढे ठेवला. वर्गात तेरा मुलं, तिसरीची सात आणि चौथीची सहा. त्यातली पाच जण कवितेचं पुस्तक ‘वाचत’ होती, पण नवीन उताऱ्यातली एक ओळ त्यांना धड लागत नव्हती. आणखी तिघं अक्षरं जुळवत ओळीच्या शेवटापर्यंत पोचत, पण काय वाचलं विचारलं की गप्प.

ही गोष्ट २०२३-२४ या शैक्षणिक वर्षाची. मी मूळची लातूर जिल्ह्यातली, नोकरी सिंधुदुर्गात, कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत. शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापक गुरुजींकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. मुलांची नावं लिहीत नाही, ती लहान आहेत. तिसरीची ही मुलं २०२१ साली पहिलीत आली तेव्हा कोरोनामुळे शाळा बंद होत्या. गावाकडचे पहिली ते चौथीचे वर्ग उघडले ते डिसेंबर उजाडल्यावर. अक्षरओळखीचे महिने त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलभोवती गर्दी करून काढले होते. त्याच २०२१ सालच्या जुलैत निपुण भारत अभियान सुरू झालं होतं. तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असं त्यात लक्ष्य आहे. ते लक्ष्य मला मान्यच आहे. ‘समजून’ हा शब्द त्यात आहे म्हणून तर जास्तच. पण तिथपर्यंत जायचं कसं, हे मला त्या जूनमध्ये कळत नव्हतं.

वाट सापडली ती जुलैत, आणि ती मी शोधली असं म्हणता येणार नाही.

पावसाची संततधार चालली होती. कवितेवर बोट फिरवणारा तोच मुलगा सकाळी अळवाच्या पानात काहीतरी गुंडाळून घेऊन आला. पान उघडलं तर आत पांढरी अळंबी, देठांना अजून लाल माती चिकटलेली. “बाईनु, ही रोयणीवरची अळमी.” सगळा वर्ग त्याच्याभोवती गोळा झाला. कुठली खायची, कुठली विषारी, कुणाच्या आजीला कुठली जागा माहीत आहे आणि ती कुणालाच कशी सांगत नाही, असं सगळं एकाच वेळी सुरू झालं. एरवी उत्तराला एक शब्द देणारी मुलं पाच-पाच वाक्यं बोलत होती. मला ‘रोयण’ म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. मुलांनी सांगितलं, वारूळ.

मी फळ्याकडे वळले आणि ती बोलतील तसं लिहू लागले. त्यांचं वाक्य आधी मालवणीत, त्यांच्याच शब्दांत. त्याच्या शेजारी पुस्तकी मराठीत. अळमी, अळंबी. रोयण, वारूळ. एकही शब्द खोडला नाही. त्या मुलाने स्वतःच सांगितलेलं वाक्य फळ्यावर शोधलं आणि वाचलं. पाठ होतं म्हणून वाचलं का? थोडंफार असेलच. पण या वेळी त्याचं बोट प्रत्येक शब्दाखाली थांबत होतं, कारण आपण बोललेलं बाईंनी बरोबर लिहिलंय की नाही हे त्याला बघायचं होतं.

मग मी माझं एक वाक्य लिहिलं. ‘मुंग्या वारूळ बांधतात.’ लहानपणापासून हेच ऐकलेलं, हेच सांगत आलेले. चौथीतली एक मुलगी उठली. “बाईनु, मुंगये नाय, वाळवी बांधता.” दुसरा म्हणाला, वाळवी म्हणजे पांढऱ्या मुंग्याच की. तिसरा म्हणाला, नाही. मला खात्रीने सांगता येईना. मी वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हटलं, उद्या बघू.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी कुजक्या लाकडाचा तुकडा आणला, वाळवीने भरलेला. शाळेत एक भिंग होतं, कपाटातल्या विज्ञान पेटीत, कापडात गुंडाळलेलं. मी रात्री घरी जमेल तेवढं वाचून सहा ओळी लिहून आणल्या होत्या. मुंगीची कंबर बारीक असते. वाळवीची कंबर जाड असते. मुंगीच्या मिशा कोपरासारख्या वाकलेल्या असतात. वाळवीच्या मिशा सरळ असतात. वाळवी मुंगी नाही. ती झुरळाच्या जवळच्या नात्यातली आहे. मुलांनी एक ओळ वाचायची, भिंगातून बघायचं, परत ओळीकडे यायचं. ‘कंबर जाड’ या दोन शब्दांवर अर्धा तास गेला असेल. आणि मग तिसरीतल्या मुलाने ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, “बाईनु, ह्या खरा काय?”

कवितेबद्दल हा प्रश्न त्याने कधी विचारला नव्हता. विचारणार तरी कसा? कवितेत खरंखोटं करण्यासारखं काही नव्हतं. इथे मात्र कागदावर एक गोष्ट लिहिलेली होती आणि तीच गोष्ट समोर बशीत चालत होती. लिहिलेलं नीट वाचल्याशिवाय ते बरोबर की चूक हे त्याला ठरवता येणार नव्हतं. वाचायला कारण मिळालं होतं. पुढचं सगळं वर्ष मी हे कारण हातातून सुटू दिलं नाही.

याच सुमारास माझ्या हातून एक चूक होता होता राहिली. वारूळ आतून कसं असतं, वाळवी आत बुरशीची शेती कशी करते आणि पावसाळ्यात त्या बुरशीलाच अळंबी कशी फुटतात, हे मी वाचलं होतं. मला ते मुलांना दाखवायचं होतं. मी म्हटलं, शाळेच्या वरच्या अंगाला जी रोयण आहे ती एका बाजूने थोडी उकरू या. वर्ग एकदम शांत झाला. कुणी हो म्हणेना, कुणी नाही म्हणेना. मधल्या सुट्टीत पोषण आहार शिजवणाऱ्या काकी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, बाई, तिला हात लावू नका, ती सातेरी. तळकोकणात आणि गोव्यात सातेरी देवी वारुळाच्या रूपात पुजली जाते, हे मला तेव्हा कळलं. कित्येक देवळांच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी वारूळच असतं. मी त्या रोयणीला हात लावला नाही. मुलांना सांगितलं, आपण आत बघायचं नाही, आत काय असतं ते फक्त वाचायचं. बाहेरून जे दिसेल ते पाहून लिहायचं.

त्यातूनच वर्गात दोन शब्द कायमचे आले: ‘पाहिलं’ आणि ‘वाचलं’. पुढे मुलं जे काही लिहीत, त्या प्रत्येक वाक्यापुढे समासात पा किंवा वा लिहायचं. रोयणीला भोकं आहेत, पा. वाळवी बुरशी वाढवते, वा. थोड्या दिवसांनी चौथीच्या मुलीने तिसरं अक्षर मागितलं, कारण तिची आजी जे सांगत होती ते तिने पाहिलंही नव्हतं आणि वाचलंही नव्हतं. मग ‘ऐ’ आलं. तिसरी-चौथीच्या मुलांना ही तीन अक्षरं जड जातील असं मला वाटलं होतं. गेली नाहीत.

उतारे मी स्वतः लिहू लागले, कारण मला हवे तसे मिळत नव्हते. प्राण्यांवरचं म्हणून जे मिळे त्यात मुंगीताई कबुतरदादाशी बोलायच्या. गोष्टी मला प्रिय आहेत आणि आठवड्यातून तीन दिवस शेवटच्या तासाला मी गोष्टच वाचून दाखवते. पण गोष्टीतली मुंगी आणि भिंगाखालची मुंगी या दोन्ही कागदावर सारख्याच दिसतात, आणि कुठला कागद कसा वाचायचा हे मुलाला कुणीतरी सांगावं लागतं. माझे उतारे साधे असत. एका वाक्यात एकच गोष्ट, पाच-सहा शब्दांची. जो नवा शब्द येई तो त्याच उताऱ्यात निदान तीनदा यायलाच हवा. शेवटी प्रश्न नाहीत. एक ओळ मुद्दाम अशी, जी शाळेच्या आवारात जाऊन तपासता येईल. हे लिहायला मला रोज रात्री तास-दीड तास लागे. तो वेळ मी नोकरीचाच भाग मानला.

आता जोडाक्षरांबद्दल, कारण मराठी शिकवणाऱ्या कुणाचीही मान इथे अडते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं ‘ग्या’ दिसलं की ‘गया’ वाचायची. जोडाक्षरांचा तक्ता भिंतीवर वर्षानुवर्षं होता: क्य, ख्य, ग्य. तो पाठही होता. पण किड्यामुंग्यांवर लिहायला बसल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती इतकी वर्षं दिसली कशी नाही याचं मला आजही वाईट वाटतं. एक मुंगी, पुष्कळ मुंग्या. एक अळी, अळ्या. फांदी, फांद्या. काडी, काड्या. पाकळी, पाकळ्या. निसर्गातलं काहीही मोजायला घेतलं की जोडाक्षर आपोआप येतं. मुलं बोलताना अनेकवचन बिनचूक करतात, ते शिकवावं लागत नाही. मग मी तक्ता बाजूला ठेवला आणि सुतळीवर कपड्यांच्या चिमट्यांनी चिठ्ठ्या लावू लागले. डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला पुष्कळ. डावीकडची दीर्घ ई उजवीकडे य होऊन आधीच्या अक्षराला चिकटते, हे मुलांनीच पाहिलं. एकाने तर ‘बी’ची चिठ्ठी आणून भांडण काढलं. बीचं ‘ब्या’ का होत नाही? बिया का? एका अक्षराच्या शब्दाचं असं होतं, स्त्री आणि स्त्रिया बघ, असं मी सांगितलं. त्याने स्त्रीची चिठ्ठी लिहिली आणि बियांशेजारी टांगली. त्या महिन्यात ‘ग्या’ला ‘गया’ म्हणणं जवळजवळ थांबलं.

अनुस्वाराचीही तीच गत. कवितेवर बोट फिरवणाऱ्या मुलाने वर्षातलं पहिलं स्वतःचं लिखाण केलं ते वाक्य नव्हतं. त्याने मुंगीचं मोठं चित्र काढलं होतं, पाय मोजून सहा, आणि मी त्याला म्हटलं की भागांना नावं दे. त्याने बाण काढले. डोकं, पाय, मिशी. मधल्या बारीक भागाला बाण काढून त्याने लिहिलं, ‘कबर’. शेजारच्या मुलीने ते मोठ्याने वाचलं. तो चमकला. त्याने स्वतः एकदा वाचलं, परत वाचलं, आणि पेन्सिल घेऊन क वर टिंब दिलं. मी काहीच बोलले नव्हते. अनुस्वार विसरला म्हणून मी आजवर किती वह्यांमध्ये लाल गोल केले असतील! त्यातला एकही त्याला इतका कळला नसता. त्याने मुंगीची कंबर पाहिली होती, तिथे कबर शोभत नव्हती.

तेव्हापासून ज्याला वाक्य लिहायला जमत नाही त्याला मी चित्र आणि नावं देते. पाच नावं लिहिणारं मूल दोन आठवड्यांत त्यांतल्या दोन नावांचं वाक्य करतं, असा माझा अनुभव आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हुमल्यांचा विषय निघाला. हुमले म्हणजे आंब्या-काजूवरच्या मोठ्या लालसर मुंग्या. रत्नागिरीकडे यांना ओंबील म्हणतात असं आमच्या गुरुजींनी सांगितलं. शाळेच्या मागे एक कलमी काजू आहे, त्यावर त्यांची तीन घरटी होती. हिरवी पानं एकमेकांना जोडून केलेली, नारळापेक्षा थोडी लहान. जोडाच्या रेषेवर ओल्या कागदासारखं पांढुरकं काहीतरी. हुमला चावला की काय होतं हे मुलांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, त्यामुळे हात मागे बांधून तीन पावलांवरून बघायचं हा नियम त्यांनीच केला.

एके रात्री वारा सुटला आणि खालच्या घरट्याचा एक जोड उसवला. सकाळी प्रार्थनेआधी मुलं तिथे जमली होती. दोन पानांच्या मधल्या फटीवर हुमल्यांची रांग. एकाने पान धरलेलं, त्याची कंबर दुसऱ्याने धरलेली, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि सगळे मिळून फट ओढत होते. मग आतून काही हुमले आले, प्रत्येकाच्या तोंडात एक पांढरा दाणा. तो दाणा या कडेला टेकवायचा, मग त्या कडेला, परत या कडेला. मुलांनी वहीत लिहिलं: हुमले अंडी घेऊन आले. पुढे ‘पा’.

मी त्यांना त्या दिवशी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उतारा दिला. तो दाणा अंडं नसून अळी आहे. अळीच्या तोंडातून रेशमासारखा धागा निघतो. कामकरी मुंगी अळीला जबड्यात धरून सुई-दोऱ्यासारखी वापरते आणि पानं शिवते. वर्गात कल्लोळ झाला. मग आपण पाहिलं ते खोटं? बराच वेळ यावर बोलणं चाललं. शेवटी ठरलं ते असं: पांढरा दाणा पाहिला हे खरं, त्याला अंडं म्हटलं हा अंदाज. मुलांनी वह्या उघडल्या आणि ‘अंडी’ खोडून ‘पांढरे दाणे’ लिहिलं. मी खोडायला सांगितलं नव्हतं. आपलंच वाक्य दुसऱ्यांदा हातात घेऊन सुधारणं, हे या वयाच्या मुलांकडून करून घ्यायला मी दरवर्षी धडपडते.

त्याच उताऱ्यात पुढे होतं की हुमल्यांच्या बऱ्याच भाऊबंदांत अळी आपला धागा स्वतःचा कोष विणायला वापरते, पण हुमल्यांची अळी कोष विणत नाही. तिचा धागा घर शिवण्यातच जातो. हे वाचून झाल्यावर चौथीतली एक अबोल मुलगी म्हणाली, “तेणा आपल्या वाटचो दोरो घराक दिल्यान.” मी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं. संध्याकाळी फळा पुसायची वेळ आली तेव्हा ती ओळ सोडून बाकीचा फळा पुसला.

या मुंगीचं शास्त्रीय नाव मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं: ओइकोफायला स्मॅराग्डिना. १७७५ साली फॅब्रिशियस नावाच्या शास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं, तेव्हापासून तिच्यामागे ‘स्मॅराग्डिना’ लागलं. हे नाव पाठ असणं शक्य नव्हतं आणि अंदाजाने वाचणंही. एकेक अक्षर फोडल्याशिवाय गत्यंतर नाही. ‘स्मॅ’वर सगळे अडले, ‘ग्डि’वर तर मीसुद्धा सावकाश गेले. कवितेवाल्या मुलाने चौथ्या दिवशी ते नाव सबंध वाचलं आणि मग दुपारभर दिसेल त्याला वाचून दाखवलं, पहिलीच्या मुलांनासुद्धा. पहिल्या शब्दाचा अर्थ ग्रीकमध्ये घर आणि पान असा आहे हे सांगितल्यावर त्याने मान डोलावली. पानाचं घर, बरोबर आहे, अशा अर्थाने.

जानेवारीत आंबा-काजू मोहरला आणि मी माझा सगळ्यात लांब उतारा लिहिला. नाव दिलं, ‘हुमले: बागेचे राखणदार’. काजूच्या कोवळ्या फुटीतला रस शोषणारा ढेकण्या हुमल्यांच्या झाडावर कमी दिसतो, हे त्यात होतं. चीनमध्ये सुमारे सतराशे वर्षांपूर्वीच्या ग्रंथात अशा मुंग्यांची घरटी बाजारात विकायला येत आणि संत्रावर्गीय झाडांच्या राखणीसाठी नेली जात असं लिहिलेलं आहे, तेही होतं. त्याच महिन्यात ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला, म्हणजे याच मुंग्यांच्या चटणीला, भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली होती. ती मी चौकटीत टाकली. मुलांनी सगळ्यात आधी चौकट वाचली. असे कागद पहिल्या ओळीपासूनच वाचायला हवेत असं काही नाही, मथळे आणि चौकटी बघून हवं तिथे शिरता येतं, हे त्यांना तिथे उमगलं. पुढे ती परिसर अभ्यासाच्या पुस्तकाची अनुक्रमणिका उघडून पाठ शोधू लागली.

उतारा घरी वाचून दाखवा असं मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी गाल फुगवून आली. तिच्या बाबांची आंब्याची आणि काजूची बाग आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं की बाईंना म्हणावं, हुमले पिठ्या ढेकूण सांभाळतात. पिठ्याच्या अंगातून गोड पाणी येतं, ते हुमले पितात, म्हणून त्याला मारत नाहीत, उलट त्याची राखण करतात. शिवाय फळं काढायला झाडावर चढलेल्या माणसाचं काय होतं हेही लिहा म्हणाले.

मी रात्री शोधून बघितलं. त्यांचं म्हणणं खरं होतं. मी अर्धंच लिहिलं होतं.

सकाळी मी हे वर्गाला सांगितलं आणि विचारलं, उताऱ्याचं काय करू या? फाडायचा का? नाही म्हणाले, त्यात खरंही आहे. मग सगळ्यांनी मिळून तो परत लिहिला. हुमले काही किडी खातात. हुमले काही किडी राखतात. काजूवाला म्हणतो असू देत, आंबा काढणारा म्हणतो नकोत. पहिल्या ओळीसमोर ‘वा’, शेवटच्या ओळीसमोर ‘ऐ’. राहता राहिलं नाव. राखणदार हा आमच्याकडे साधा शब्द नाही, गावाची राखण करणाऱ्या देवाला राखणदार म्हणतात. तो शब्द काढायला मुलं तयार नव्हती, आणि तसाच ठेवायलाही नव्हती. शेवटी एकाने खडू घेतला आणि नावापुढे प्रश्नचिन्ह काढलं. ‘हुमले: बागेचे राखणदार?’ विरामचिन्हांचा पाठ मी त्या वर्षी वेगळा घेतलाच नाही.

सगळंच असं जमलं नाही. फेब्रुवारीत मी ग्रह-ताऱ्यांवर उतारे आणले. मुलांना आवडले, रंगीत चित्रं होती. पण आठवड्याभरात ती ‘शनीला कडी असतात’ हे कवितेसारखंच सुरात म्हणू लागली. कुणी विचारलं नाही, ह्या खरा काय. तपासायला हाताशी काही नव्हतं. आकाश शिकवू नये असं मी म्हणणार नाही, पण अजून वाचन न बसलेल्या मुलाला जवळचं, हात लावता येण्याजोगं काहीतरी आधी द्यावं, असं माझं पक्कं मत झालं आहे.

दोन मुलांची अक्षरंच कच्ची होती. त्यांना किड्यांचा कितीही उत्साह असला तरी तेवढ्याने अक्षर येत नाही. त्यांच्यासाठी रोज सकाळी वीस मिनिटं निव्वळ अक्षरांची, मुळाक्षरापासून, वर्षभर चालली. ती सोडली असती तर मी त्यांचं नुकसान केलं असतं. पालकांचीही चिंता रास्त होती. एका आईने फाटकातच गाठलं, “बाईनु, पुस्तक कधी सुरू करतलास?” वही बघावी तर चित्रं, बाण आणि पा-वा-ऐ. मी तिला आत बोलावलं, मुलीकडून पाठ्यपुस्तकातला न शिकवलेला पाठ वाचून घेतला. ती ऐकत उभी राहिली. मग म्हणाली, बरं. तेवढ्याने तिचं समाधान झालं की नाही मला सांगता येत नाही, पण पुढच्या आठवड्यात तिने मुलीबरोबर सुगरणीचं पडलेलं घरटं पाठवलं.

एप्रिलमध्ये मी पुन्हा एकेकाला जवळ बसवलं, नवीन उतारा, घड्याळ लावून. जूनमधल्या त्या पाचांपैकी तिघं ६० शब्दांच्या पुढे गेली होती, आणि काय वाचलं ते आपल्या शब्दांत सांगत होती. कवितेवाला मुलगा ५२ वर होता. वाचताना मध्येच थांबून ‘अशा कशा?’ म्हणत होता, त्यात त्याची सेकंदं गेली. मी नोंदवहीत ५२च लिहिले.

वर्षाच्या शेवटी सगळे उतारे, चित्रं आणि वाक्यं शिवून आम्ही एक जाडजूड वही केली. शेवटची चार पानं कोरी ठेवली, वर मुलांनीच मथळा लिहिला: ‘अजून कळलं नाही’. ज्याला प्रश्न पडेल त्याने तिथे लिहायचा.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा धो धो पाऊस होता. तो मुलगा आता चौथीत आलेला. दप्तर बाकावर टाकून तो मागच्या खिडकीशी गेला, काजूकडे बराच वेळ बघत राहिला. मग कपाटातली वही काढून शेवटची पानं उघडली आणि उभ्याउभ्याच, जीभ दाताखाली धरून लिहिलं. मी मागून जाऊन पाहिलं. ‘पावसात हूमले खय जातत?’ हुला दीर्घ ऊकार दिला होता. समासात पा नव्हतं, वा नव्हतं, ऐ नव्हतं.

मी छत्री घेतली. पाऊस जरा उघडल्यावर आम्ही दोघं काजूखाली जाऊन उभे राहिलो.